निरोगी माणसाचं रक्त

११ ऑगस्ट

वहिनी,

त्या सकाळी मी आंघोळ करून देवापुढे हात जोडले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि रोजच्यापेक्षा लवकर प्रयोगशाळेत गेलो. आमचं काम बघायला बाहेरून पाहुणे येणार होते. संचालकांनी जिन्यातल्या कुंड्यासुद्धा पुसून घेतल्या होत्या. मी खोलीचे पडदे ओढले, जांभळा दिवा लावला, आणि ओळीने मांडलेल्या पट्ट्या निळ्या उजळल्या. पाहुण्यांतल्या एक वयस्कर बाई लहान मुलीसारख्या "अय्या!" म्हणाल्या. नेमका तेव्हाच टेबलावर माझा फोन थरथरला. तुमचं नाव होतं. मी फोन पालथा घातला.

तो पुन्हा थरथरला. संचालक म्हणाले, "घ्यायचा असेल तर घ्या." मी म्हणालो, "घरचा आहे. नंतर बघतो."

दादा तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडला होता आणि तुम्ही एकट्या त्याला उठवायला बघत होतात, हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. तोवर शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं होतं. मी पोचलो तेव्हा तुम्ही जिन्यात बसला होतात. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. तुम्ही मान वर करून एवढंच म्हणालात, "भावजी, तुम्ही तर ठणठणीत म्हणाला होतात."

त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोललेल्या नाहीत. घरी आलो तर दाराची कडी काढली नाहीत. बरोबर केलंत. पण मी ठणठणीत का म्हणालो ते तुम्हाला कळायला हवं. ते सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून लिहितो. माझी विद्या तुम्हाला कधी नीट सांगितली नाही. तुम्ही विचारायचात आणि मी "मोठं काम आहे" म्हणून मोकळा व्हायचो.

काम असं. कोळशाचेच, पण डोळ्याला कधी दिसणार नाहीत इतके बारीक कण आम्ही बनवतो. जांभळा प्रकाश पडला की ते निळे चमकतात. हे कण कागदी पट्टीवर बसवायचे आणि वर रक्ताचा थेंब सोडायचा. आपल्या स्नायूंच्या कामातून रोज एक राख उरते. तिला क्रिएटिनिन म्हणतात. मूत्रपिंडं ती झाडून बाहेर टाकतात. मूत्रपिंडं थकली की राख रक्तात साठते, आणि जितकी साठेल तितकी आमच्या पट्टीची चमक मंदावते. मोठं यंत्र नको, तालुक्याच्या गावी खेटे नकोत. गल्लीतल्या दवाखान्यात बसल्या जागी कळावं, यासाठी मी केस पिकवले.

पण चमक मंद झाली, हे कशाच्या मानाने ठरवायचं? त्यासाठी आधी एका निरोगी माणसाचं रक्त घेऊन त्याची चमक म्हणजे "सगळं ठीक" अशी खूण पक्की करावी लागते. दादा दार बसवताना आधी गुण्या लावतो ना, तसंच. आमचा तो गुण्या म्हणजे दादाचं रक्त होतं.

मागच्या वर्षी सुट्टीत आलो होतो तेव्हा ते काढलं. तुम्ही ओट्याशी होतात. दादा म्हणाला, "घे रे धाकट्या, पण मोजून घे. परत भरायला तुझी वहिनी काही देत नाही." तुम्ही आतून म्हणालात, "देते ते सगळं कामगारांना वाटून येतात, आणि वर माझं नाव!" मी हसत हसत बाटली भरली. पट्टी निळी झाली तेव्हा दादानेच तिला काजवा म्हटलं. तेव्हापासून आमच्या खोलीत सगळे तिला काजवाच म्हणतात.

हे रक्त आधी मोठ्या यंत्रावर तपासून घ्यायचं असतं. कॉलेजातल्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या हाताखाली एक हुशार मुलगी आहे. तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. ती म्हणाली, "सर, मी ही बाटली दवाखान्यात नेऊन तपासून आणू का?" मी म्हणालो, "माझा मोठा भाऊ आहे तो. पन्नाशी उलटली तरी अख्खं दार एकटा खांद्यावर घेतो. त्याला काय धाड भरलीय?" आणि निरोगी माणसाच्या रक्तात असतो तो पुस्तकातला आकडा मी बाटलीवर लिहून टाकला.

मला ते खरंच गरजेचं वाटलं नाही, वहिनी. दादाचं रक्त तपासायचं म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती काट्यावर घालून बघायची, असं काहीसं मला वाटलं.

मग तुम्ही पाय सुजल्याचं सांगितलंत. "भावजी, यांच्या घोट्याला बोट दाबलं की खड्डा पडतो. तुमच्या त्या काजव्यावर बघा ना एकदा." मी बघितलं. त्याचंच रक्त, त्याच्याच रक्ताच्या खुणेशी ताडून. चमक तंतोतंत जुळली. मी ऐटीत म्हणालो, "ठणठणीत!" तुमचा चेहरा उजळला. जेवताना तुम्ही मला आग्रह करकरून वाढलंत.

दादा दवाखान्यात गेल्यावर मला हा सगळा उलगडा झाला. तुम्ही मला माफ करावं असं म्हणायला हे पत्र नाही.

तुमचा,
धाकटा

२ सप्टेंबर

वहिनी,

उत्तराची वाट बघत नव्हतो असं म्हणालो तर ते खोटं होईल. पोस्टमन गेटाशी आला की मी खिडकीत जाऊन उभा राहतो. एरवी मला कोण पत्र लिहिणार?

काल पुतणीचा फोन आला. म्हणाली, "काका, आईला सांगू नका मी फोन केला म्हणून." बारक्या आवाजात बोलत होती. दादाला आता आठवड्यातून ठरावीक दिवशी यंत्रावर न्यावं लागतं, त्याचं रक्त यंत्रातून धुऊन परत अंगात सोडतात, हे तिने सांगितलं. त्याचा हात काळानिळा झालाय, पण नर्सला तो म्हणतो, "बाई, सुई मारायच्या आधी भोक आखून घ्या, आमच्यात तसंच करतात." मला हसू आलं आणि फोन कानाशी धरूनच मी खाली बसलो.

मग तिने तुमचं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं की पाठदुखीसाठी काही घेत होते का, आणि तुम्ही गोळ्यांचं पाकीट पुढे केलंत. वर्षानुवर्षं दादा कामावरून आला की तुम्ही त्याला त्या गोळ्या द्यायचात. डॉक्टर म्हणाले, याच गोळ्यांनी मूत्रपिंडं खाल्ली. तेव्हापासून तुम्ही धड जेवत नाही आणि स्वयंपाकघरात मधेच थांबून आपल्या हातांकडे बघता.

वहिनी, त्या गोळ्या सगळं जग खातं. दुकानदार हसत हसत देतो. पाठ मोडलेला नवरा घरी आला की बाई दुसरं काय करील? आणि गोळ्यांनी हळूहळू नुकसान केलं असलं तरी ते वेळेत पकडायचं काम माझं होतं. तुम्ही तर मला सांगितलं होतंत. घोट्यावर बोट दाबून दाखवलं होतंत. यात तुमचं काही नाही.

इथलंही थोडं सांगतो. आमच्या पट्ट्या वस्तीतल्या काही छोट्या दवाखान्यांत परीक्षेसाठी ठेवल्या आहेत, हे तुम्हाला मागे बोललो होतो. तुम्ही तेव्हा "नाव काढलंत भावजी" म्हणाला होतात. त्या सगळ्या पट्ट्यांचा गुण्या तोच आहे. ज्यांची राख वाढलीय त्यांनाही त्या "ठीक" म्हणणार.

परवा संचालकांनी मला आणि चष्मेवालीला बोलावलं. मी चूक सांगितली, निम्मी. खूण जरा सरकलीय, एवढंच. संचालक माणूस वाईट नाहीत. चहा मागवला. म्हणाले, "मग नव्या पट्ट्या करा, जुन्या हळूच उचलून घ्या. गाजावाजा कशाला?"

चष्मेवाली म्हणाली, "आणि ज्यांना आपण बरं सांगून घरी पाठवलं ते?"

"लोक काय एकाच तपासणीवर विसंबून बसतात होय? त्रास झाला की जातातच कुठेतरी."

"आपण बरं सांगितल्यावर कशाला जातील सर?"

संचालक माझ्याकडे बघायला लागले. तीही बघायला लागली. मी कपातली साय बोटाने बाजूला केली आणि म्हणालो, "बघू. आधी नव्या पट्ट्या तर होऊ देत."

ती त्यानंतर माझ्या खोलीत आलेली नाही. काम करते. बोलत नाही. माझ्याशी न बोलणारी माणसं आता दोन झाली.

धाकटा

९ सप्टेंबर

वहिनी,

पहिल्या पत्रात मी एक वाक्य खोटं लिहिलं. "दादा दवाखान्यात गेल्यावर मला हा सगळा उलगडा झाला." असं झालं नाही. मला आधीच माहीत होतं.

हे लिहायला मी चार वेळा बसलो आणि उठलो. गावच्या शाळेत गुरुजी पट्टीने हातावर मारायचे तेव्हा मी हात मागे घ्यायचो. गुरुजी म्हणायचे, "मागे घेतलास तर परत पहिल्यापासून मोजीन." म्हणून आता एका दमात लिहितो.

उन्हाळ्यात आम्ही आमच्या पट्टीचे आकडे मोठ्या दवाखान्याच्या आकड्यांशी ताडून बघायला दिले. जोडीला आमच्या शीतकपाटातल्या जुन्या बाटल्याही दिल्या. त्यांत दादाची बाटली होती. नावं नव्हती, नुसते क्रमांक. तिथे रक्ततपासणीच्या प्रमुख एक डॉक्टरीणबाई आहेत. मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि हसत म्हणाल्या, "तुमची पट्टी फार दयाळू आहे हो! आमच्याकडचे निम्मे पेशंट तिने बरे करून टाकले."

मग त्यांचं हसू गेलं. "आणि ती बारा नंबरची बाटली कुणाची? तो माणूस सापडत असेल तर आजच्या आज पाठवा. हे वाढलेलं आहे. असंच चालू राहिलं तर मूत्रपिंडं हातची जातील."

वहिनी, त्या क्षणी मला सगळं कळलं. पट्टी का दयाळू आहे, वसतिगृहातल्या पोरांचं आम्ही तपासलेलं रक्त आमच्या खुणेपेक्षाही जास्त का चमकायचं, सगळं. त्या पोरांच्या वेळी मी चष्मेवालीला म्हणालो होतो, "कोवळी पोरं, अंगावर मांस कुठंय, राख कमीच असणार!" पटणारं होतं. मलाही पटलं होतं.

आणि डॉक्टरीणबाईंना मी काय म्हणालो? म्हणालो, "ती बाटली जुनी आहे. साठवणीत बिघडली असेल. माणूस आता कुठे असेल, सांगता येणार नाही."

माणूस कुठे असेल! त्या वेळी दादा तुमच्या घरामागच्या पत्र्याखाली रंधा मारत असणार.

मी गाडी काढून दादाकडे येऊ शकलो असतो. फोन करू शकलो असतो. पण "दादा, तू आजारी आहेस" म्हटलं की "कशावरून?" आलं. मग बाटली आली, आणि बाटलीपाठोपाठ सगळ्या पट्ट्या, सगळे दवाखाने, काजव्यावर छापून आलेला माझा लेख, जिन्यातल्या कुंड्या. मी मनाशी म्हटलं, पाहुणे येऊन जाऊ देत. मग काहीतरी निमित्त काढून त्याला तपासणीला नेईन. कुणाला काही कळणारही नाही.

मधे मी एकदा फोन केला होता, आठवतं? दादाला म्हणालो, "जरा मीठ कमी कर. आणि पाठीच्या गोळ्या नको घेऊस." तो म्हणाला, "का रे, तुला स्वप्न पडलं का?" मी म्हणालो, "नाही, सहज." तुम्ही मागून ओरडलात, "भावजींना सांगा, काजव्याने तर बरं सांगितलंय!" मी "हो, हो" म्हणून फोन ठेवला. गोळ्या बंद कर असं मी सांगितलं, पण माझ्याच "ठणठणीत" पुढे त्याला किती किंमत? तुम्ही गोळ्या देत राहिलात, कारण मी बरं म्हटलं होतं. म्हणून सांगतो, स्वतःच्या हातांकडे बघू नका.

रोज सकाळी देवापुढे बसत होतो. हेही सांगतो, कारण तुम्ही मला लोकांपुढे "आमचे भावजी देवाचे आहेत" म्हणायचात. त्या दिवसांत मी देवाकडे दादाला बरं कर असं मागत नव्हतो. ते दवाखान्याचं यंत्र चुकीचं निघू दे, असं मागत होतो.

आणि त्या सकाळी तुमचं नाव फोनवर बघून मी तो पालथा घातला, तेव्हा तो कशाचा फोन आहे ते मला माहीत होतं.

धाकटा

२१ सप्टेंबर

वहिनी,

पुतणीने तुमचा निरोप सांगितला. "हे मी त्यांच्या कानावर घालणार नाही. ज्याने केलं त्याने तोंडाने सांगावं." ती म्हणाली की तुम्ही पत्र वाचून घडी घातलीत, परत उघडलंत, परत घडी घातलीत, आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलात. मला त्याचं बरं वाटलं. वाटायला नको होतं का, मला ठरवता येत नाही.

मी काल दवाखान्यात आलो होतो, तुम्हाला दिसलोच. तुम्ही पाण्याची बाटली उचलून बाहेर गेलात. तुम्ही बाहेर असताना आत काय झालं ते दादा सांगेल की नाही कोण जाणे, म्हणून लिहितो.

मला बघून तो म्हणाला, "ये धाकट्या. बघ, जुंपलंय मला. बैल तोच, नुसतं औत बदललं."

किती उतरलाय तो! मनगटं माझ्यापेक्षा बारीक झाली आहेत. नळीतून त्याचं रक्त गोल फिरत होतं, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी त्या नळीकडे बघत राहिलो. मग सांगितलं. आधी बाटलीचं.

"म्हणजे तुझ्या काजव्यात माझंच रक्त होतं?"

"हो."

"आणि मला मोजलंस ते माझ्याशीच?"

"हो, दादा."

तो इतका मोठ्याने हसला की नर्स धावत आली. "अरे, मग ठणठणीत निघणारच की! माझ्याइतका मी असणारच ना!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. नर्सला म्हणाला, "बाई, हा माझा भाऊ. लई शिकलाय." तीही हसली. मला वाटलं इथेच थांबावं. तो हसतोय, त्याने उदार मनाने घेतलं, संपलं. तुमचा निरोप आठवला नसता तर मी थांबलो असतो, हे कबूल करतो.

मग उरलेलं सांगितलं.

हसू एकदम नाही गेलं. तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे बदलले. म्हणाला, "तू मीठ कमी कर म्हणून फोन केला होतास. तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं."

"आणि त्या दिवशी? ही फोन करत होती तेव्हा?"

"तेव्हाही."

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा घोरत होता. मग दादाने विचारलं, "ते दवाखान्यातले लोक? ज्यांना तुझा काजवा बरं म्हणाला? त्यांना सांगितलंस?"

"नवीन पट्ट्या करतोय आम्ही. मग..."

"त्यांना सांगितलंस का, एवढं विचारतोय."

"नाही."

"जा तू."

"दादा, मी इथे जरा बसतो. वहिनींना थोडी विश्रांती..."

"माझ्याजवळ बसून कसलं पुण्य मिळवतोस रे? माझं व्हायचं ते झालं. हे यंत्र मला धुतंय. तिकडे त्यांना धुवायला कोण आहे? ऊठ. जा."

आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. हात नळीला बांधलेला, त्यामुळे त्याला नीट कूस वळवता येईना. खांदा अर्धवट वळला आणि तसाच राहिला. मी उठलो. दारात तुम्ही होतात. मी वाट मागितली, तुम्ही बाजूला झालात. लहानपणापासून दादा माझ्यावर खूप वेळा रागावलाय, पण जा असं कधी म्हणाला नव्हता.

धाकटा

१९ ऑक्टोबर

वहिनी,

उशीर झाला लिहायला. हिंडत होतो.

दादाकडून निघालो तो घरी न जाता संचालकांकडे गेलो. सगळं सांगितलं, या वेळी पूर्ण. त्यांनी चहा मागवला नाही. म्हणाले, "तुम्ही देवभोळे लोक एक दिवस आम्हाला बुडवणार." मी म्हणालो, "साहेब, यात देवाचा काही दोष नाही." त्यांनी मला या कामातून बाजूला केलं, ते योग्यच झालं. छापलेला लेख मागे घ्यायला मी स्वतः लिहिलं आणि कारणही लिहिलं. मग डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि बारा नंबरच्या बाटलीचा माणूस कोण ते सांगितलं. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "तुमच्याशी मला आत्ता बोलवत नाही. पण माणसं पाठवा. कितीही पाठवा. मी तपासते."

मग एकेका दवाखान्यात जाऊन बाकावर बसलो. चष्मेवाली स्वतःहून आली. म्हणाली, "सुई मी टोचीन. तोंडाने सांगायचं काम तुमचं." पट्टीवर तपासलेल्या लोकांना तिथल्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं आणि प्रत्येकाला मी समोर बसवून एकच सांगितलं: मी बनवलेल्या पट्टीने तुम्हाला बरं सांगितलं होतं, ते चुकीचं असू शकतं, ही चूक माझी आहे, आणि मला ती कळल्यावरही मी गप्प बसलो होतो. आज पुन्हा रक्त द्या.

सुरुवातीला शेवटचं वाक्य गाळत होतो. चष्मेवाली कापूस फाडता फाडता थांबायची आणि माझ्याकडे बघायची. मग गाळणं सोडलं.

लोकांनी काय काय म्हणावं! एका निवृत्त मास्तरीणबाईंनी मला उभं केलं आणि चूक परत सांगायला लावली, "नीट, मोठ्याने" म्हणून. एकाने विचारलं, नुकसानभरपाई मिळेल का. एक शिवणकाम करणारी बाई म्हणाली, "मी त्या दिवशी आनंदाने घरी जाऊन नव्या साडीला फॉल लावला, आणि तुम्ही आता हे सांगता?" तिचं वाढलेलं निघालं. पण वेळेत निघालं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणखीही काहींचं निघालं. ते आता औषधांवर आहेत.

जे आले नाहीत त्यांच्या घरी गेलो. एका घरी दार उघडणाऱ्या बाईला मी तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन ते आहेत का विचारलं, तर ती म्हणाली, "ते पावसाळ्यात गेले." कशाने, ते तिला नीट सांगता येईना. पाय सुजले होते, धाप लागायची, एवढंच. आमच्या पट्टीने बरं सांगितलं म्हणून ते पुन्हा दवाखान्यात गेले नाहीत की आणखी कशाने, हे मला कधीच कळणार नाही. तिलाही नाही. मी जे होतं ते सगळं तिला सांगितलं. तिने मला शिव्या दिल्या नाहीत. दार उघडंच टाकून ती आत गेली आणि परत आली नाही. मी बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभा होतो. शेवटी चष्मेवालीने दार ओढून घेतलं आणि माझ्या दंडाला धरून मला रस्त्यावर आणलं.

त्या दिवसापासून देवापुढे बसलो की मी काही मागत नाही. नुसता बसतो.

आज शेवटचा माणूस राहिला होता. एसटीचा ड्रायव्हर, माझ्याच वयाचा, सारखा ड्युटीवर असल्यामुळे सापडत नव्हता. शेवटी डेपोत त्याला गाठलं. तो टायरला टेकून विडी ओढत होता. मी सांगायला लागलो तशी त्याने विडी विझवली. सगळं ऐकून घेतलं. मग आवाज चढला. आजूबाजूचे दोन-तीन ड्रायव्हर गोळा झाले.

"तुम्हाला काय, गरिबावर प्रयोग! आम्ही काय उंदीर आहोत? साहेब, एक विचारतो. तुमच्या घरातला कोणी असता, तर असंच गप्प बसला असता का?"

मी म्हणालो, "घरातल्याच्याच बाबतीत गप्प बसलो. माझा सख्खा भाऊ आहे. आता यंत्रावर आहे."

मागे एक गाडी रिव्हर्स घेत होती, तिची शिट्टी तेवढी वाजत होती. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, चष्मेवालीकडे बघितलं. मग तो तिथल्या लाकडी बाकड्यावर बसला आणि खाकी शर्टाची बाही कोपराच्या वर सारून त्याने हात पुढे केला.

धाकटा